दारू सोडलेल्या माणसाला ड्रायव्हर म्हणून ठेवावं का? त्याने स्वतःहून सांगितलंय

नऊगाड्या

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. मोकळेपणाने सांगा, शिव्या घातल्यात तरी चालेल.

माझ्या नऊ गाड्या आहेत, पाच मालाच्या आणि चार कंपन्यांचा स्टाफ ने-आण करणाऱ्या. एक ड्रायव्हर सोडून गेला म्हणून माणूस शोधत होतो तर परवा एक जण आला, वय ४२, अवजड गाडीवर १८ वर्षं काढलेला. ट्रायल घेतली. खरं सांगतो इतका शांत हात मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता, रिव्हर्स घ्यायच्या आधी गाडी थांबवून खाली उतरला, मागे जाऊन बघून आला आणि मग घेतली. मी मनात म्हटलं, हा फायनल. मग कागद बघत होतो तर मध्ये दीड वर्षाची गॅप, सहज विचारलं की तेव्हा कुठे होतात, तर म्हणाला, "साहेब, आधी दारूत होतो, मग केंद्रात ॲडमिट होतो. आता १४ महिने झाले, थेंब नाही. मागून कुणीतरी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

मी विचारलं, गाडीवर असताना पीत होतात का. दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "गाडीत बाटली कधी ठेवली नाही. पण रात्री एकपर्यंत प्यायचो आणि सकाळी सहाला स्टेअरिंगवर बसायचो. म्हणजे प्यालेलाच बसायचो ना." अपघात नाही, लायसनवर डाग नाही.

आता गोची अशी की हे त्याने सांगितलं नसतं तर आज तो कामावर असता. "घरचं आजारपण होतं" एवढं म्हणाला असता तरी मी पुढचं पान उलटलं असतं. मेव्हणा माझा पार्टनर आहे, तो म्हणतो विषयच बंद कर, बेवडा तो बेवडाच, उद्या काही झालं तर पेपरात आपलं नाव येईल आणि लोक विचारतील माहीत असून ठेवलाच कशाला. बायको म्हणते खरं बोलला म्हणून त्याला हाकलणार का. दोघांचंही पटतंय, म्हणून तर झोप नाही.

फटकळ

ट्रायलला सगळेच सज्जन असतात. तिसऱ्या महिन्यात बघा.

खिडकीचीसीट

दादा, मी तुमच्या त्या चार गाड्यांसारख्याच एका गाडीत रोज बसते. शिफ्ट रात्री सुटते, गाडीत बसले की दहा मिनिटांत डोळा लागतो. ड्रायव्हर कोण आहे, त्याचं काय चाललंय, मला काही माहीत नसतं आणि मला कुणी विचारतही नाही. तेव्हा त्या सीटवरून बोलते.

माझे वडील प्यायचे. १४ महिने त्यांनीही काढले होते, एकदा नाही, तीन वेळा. प्रत्येक वेळी आम्ही मनापासून विश्वास ठेवला आणि प्रत्येक वेळी त्यांनीही मनापासूनच सोडली होती, हे मुद्दाम सांगते, खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण पुन्हा लागते तेव्हा दवंडी पिटून लागत नाही. आम्हाला कळायला दोन दोन महिने जायचे, आणि आम्ही तर एका छताखाली राहात होतो. तुम्ही त्याला दिवसातून दहा मिनिटं बघणार, किल्ली देताना आणि किल्ली घेताना.

त्या माणसाबद्दल राग नाही, उलट तो तुमच्याशी जे बोलला ते बोलायला छाती लागते. संधी द्या ना त्याला, गोदामात द्या, वर्कशॉपमध्ये द्या, डिस्पॅचला बसवा. स्टेअरिंगच का? पुण्य तुमचं आणि जीव आमचा, हा सौदा मला मान्य नाही.

आजचादिवस

मी तुमच्याकडे आलेला तोच माणूस आहे असं समजा, फक्त मला ९ वर्षं झालीत. अजून गाडीच चालवतो, मालाची.

खिडकीच्या ताईंना आधी बोलतो. ताई तुम्ही लिहिलंय त्यातलं एक वाक्यही चूक नाही. मीसुद्धा दोनदा घसरलो, एकदा ७ महिन्यांनी आणि एकदा ११ महिन्यांनी, आणि दोन्ही वेळा घरच्यांना शेवटी कळलं.

पण नऊगाड्या दादा, तुम्ही प्रश्न "ठेवू की नको" असा विचारलाय तिथेच घोळ आहे. कुठल्या गाडीवर, कुठल्या वेळेला आणि रात्री तो झोपणार कुठे, हे ठरवा मग उत्तर आपोआप येईल.

लोकांना वाटतं गाडी चालवताना तलफ येते. माझं उलट होतं. गाडी चालू असते तोवर डोकं रस्त्यावर असतं, काही आठवत नाही. गाडी उभी केली की येते. बारा तास चालवून उतरल्यावर अंग अजून हलत असतं, कानात इंजिन चालूच, डोळे जड पण झोप येत नाही, अनोळखी खोली, शेजारी कुणी नाही, आणि खाली रस्त्यावर उजेड कसला आहे ते तुम्हाला न बघताही कळतं. आधीची पंधरा वर्षं ह्याच वेळी ह्याच थकव्यावर हेच औषध घेतलेलं असतं ना. आमच्या मीटिंगमध्ये, म्हणजे दारू सोडलेले एकत्र बसतात तिथे, चार गोष्टी पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतात, भूक, राग, एकटेपणा, थकवा, ह्यातली एक जरी आली तरी सावध व्हायचं. आता मला सांगा लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरच्या दिवसात ह्यातलं काय नसतं? चारही असतात, कधी कधी दुपारच्या आतच.

म्हणून मी पहिलं सव्वा वर्ष गाडीला हात लावला नाही, कुणी अडवलं नव्हतं, माझ्या स्पॉन्सरने, म्हणजे मीटिंगमधल्याच मला सांभाळणाऱ्या जुन्या माणसाने, सांगितलं म्हणून. गोदामात पार्सलं लावली. कमीपणा वाटला, खूप वाटला, लहान पोरं "मामा तुम्हाला गाडी येत नाही का" म्हणायची. मग दिवसाच्या छोट्या फेऱ्या, रोज रात्री घरी. मुक्कामाची पहिली खेप मी तीन वर्षांनी घेतली आणि त्या रात्री चार फोन केले.

तुम्ही त्याला पुन्हा बोलवा आणि दोन गोष्टी विचारा. एक, शेवटचं कधी प्यावंसं वाटलं आणि तेव्हा काय केलंत. दोन, घसरलात तर पहिला फोन कुणाला करणार. "मला आता वाटतच नाही" किंवा "मी घसरणारच नाही" असं म्हणाला तर नमस्कार करून पाठवून द्या, कितीही चांगला हात असू दे. एखादं नाव आणि नंबर सांगितला तर पुढे बोला.

फटकळ

हे बरं आहे, "घसरेन" म्हणाला तर नोकरी आणि "घसरणार नाही" म्हणाला तर घरी. माझा एकच साधा प्रश्न, नऊगाड्या साहेब. बाकीच्या आठांना कधी विचारलंत?

नऊगाड्या

@फटकळ नाही विचारलं. खरं सांगायचं तर त्यातले दोघं सकाळी लांबूनच बोलतात आणि तोंडात सतत काहीतरी चघळत असतात हे मला माहीत आहे. पण ते "बेवडे" नाहीत ना, ते जुने आहेत. तुम्ही विचारल्यावर लिहिताना लाज वाटली.

@आजचादिवस दादा, मुक्कामाचा विचार मी केलाच नव्हता. माझ्या डोक्यात उलटं होतं, की स्टाफच्या गाडीवर नको, लोक असतात, त्यापेक्षा लांबच्या मालाच्या खेपेवर टाकू.

स्टेथोस्कोप

डॉक्टर आहे, व्यसनाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

१४ महिन्यांचं आधी. मानसोपचारात डीएसएम-५ म्हणून निकष वापरतात, २०१३ चे. त्यात ३ ते १२ महिने लक्षणं नसतील तर सुरुवातीची सुधारणा, १२ महिन्यांच्या वर गेलं की टिकलेली सुधारणा. गंमत म्हणजे ह्या लक्षणांतून तलफ वगळलीय, म्हणजे तलफ राहिली तरी माणूस सुधारलेला धरतात. तेव्हा तलफ येते असं कुणी कबूल केलं तर घाबरू नका, आजचादिवस म्हणतात ते बरोबर आहे. पण टिकलेली म्हणजे कायमची नव्हे. जॉर्ज व्हायलंट नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने पिणाऱ्या पुरुषांचा कित्येक दशकं पाठपुरावा केला, त्यात साधारण पाच वर्षं सलग न प्यायलेला माणूस पुन्हा घसरणं दुर्मिळ दिसलं. घसरण्याचा खरा डोंगर पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. तुमचा माणूस डोंगर उतरलाय पण अजून सपाटीला लागलेला नाही.

ब्रिटनमध्ये ह्यावर सरळ आकडा आहे. दारूचं अवलंबित्व होतं अशा माणसाला साध्या कारच्या लायसनसाठी १ वर्ष दारूमुक्त असावं लागतं, आणि लॉरी किंवा बससाठी ३ वर्षं. म्हणजे तिथे तुमच्या ह्या माणसाला स्वतःची गाडी चालवता आली असती, तुमची नाही.

आता जे कुणी विचारत नाही ते. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या पायाच्या नसा खराब झालेल्या असू शकतात, तळव्याला मुंग्या, बधिरपणा. ब्रेकवर पाय किती दाबलाय हे तळव्यालाच कळायला लागतं. तेव्हा मेडिकल करून घ्याल तेव्हा नुसतं डोळे आणि बीपी नको, पायांची तपासणी सांगा. दारू बंद झाल्यावर आणि खाणंपिणं सुधारल्यावर ह्यात बऱ्याच जणांना फरक पडतो, सगळ्यांना पूर्ण नाही.

गोळ्या विचारा. डायसल्फिरम, म्हणजे पिणं नकोसं व्हावं म्हणून देतात ती गोळी, चालू असेल तर प्यायल्यावर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली, आणि हे स्टेअरिंगवर झालं तर काय ते तुम्हीच समजा. काहींना त्या गोळीने झोपही येते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ह्या तलफ कमी करणाऱ्या, त्यांचा तसा त्रास कमी. पण दारू सोडवताना सुरुवातीला देतात त्या झोपेच्या जातीच्या गोळ्या चालू असतील तर गाडी अजिबात नाही. १४ महिन्यांनी त्या चालू नसाव्यात, तरी विचारा.

आणि मला सर्वांत जास्त भीती कुणाची वाटते सांगू? दारू सोडून १४ महिने झालेल्याची नाही. रोज पिणारा आणि काल अचानक बंद केलेला, त्याची. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम सुरू होऊ शकतो, नसलेली माणसं रस्त्यावर दिसतात. आणि श्वासातली दारू मोजणारं फुंकायचं मशीन त्याला शून्य दाखवेल, कारण पोटात दारू नाहीच आहे. मालकाने दम दिला की "उद्यापासून बंद नाहीतर नोकरी गेली", तो बिचारा घाबरून त्याच रात्री सोडतो आणि परवा सकाळी गाडीवर बसतो. नऊगाड्या, तुमच्या त्या चघळणाऱ्या दोघांना असा दम देऊ नका, आधी डॉक्टरकडे पाठवा.

खिडकीचीसीट

डॉक्टर, म्हणजे तुम्ही सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे. ३ वर्षं. इथे तर १४ महिनेच झालेत.

स्टेथोस्कोप

लोकांनी भरलेल्या गाडीसाठी हो, तुमच्याच बाजूचं. तो आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. फक्त त्या ३ वर्षांत त्याने पोट कशावर भरायचं, हे त्या नियमात लिहिलेलं नसतं, आणि काम नसणं हे घसरण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे.

लॉगबुक

मी गाड्यांच्या सेफ्टीचं काम करतो, ह्या विषयावर ऑफिसात तासन् तास डोकं फोडून झालंय.

आधी ते "रात्री एकपर्यंत प्यायचो, सकाळी सहाला बसायचो" त्यावर, कारण हे वाक्य दारू सोडलेल्यांचं नाही, अर्ध्या जगाचं आहे. लिव्हर तासाला ढोबळमानाने १५ मिलिग्रॅम उतरवतं, १०० मिलिलिटर रक्तामागे, आणि आंघोळ कॉफी लिंबू कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री बाराला १५० वर असलेला माणूस सकाळी सहाला ६० वर असतो. झोपून उठलाय, दाढी केलीय, स्वतःला एकदम फ्रेश वाटतंय. आपल्याकडे मर्यादा ३०. अमेरिकेत साध्या माणसाला ८० पण व्यावसायिक ड्रायव्हरला ४०, आणि २० ते ४० च्या मध्ये सापडला तरी २४ तास गाडी बंद. इंग्लंडमध्ये ८०, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ५० केली. रोज पिणाऱ्याला सवय झालेली असते त्यामुळे तो ६० वर असताना डुलत नाही, बोबडं बोलत नाही, तुम्हाला "लांबून बोलतो" एवढंच दिसतं.

अमेरिकेत ट्रकवाल्यांसाठी १९९१ च्या कायद्याने टेस्टिंग बंधनकारक झालं. पॉझिटिव्ह आला की गाडी लगेच काढून घेतात, पण माणूस संपला असं नाही. ठरावीक तज्ज्ञ त्याला तपासतो, उपचार सांगतो, ते पूर्ण झाल्यावर टेस्ट निगेटिव्ह आली तरच परत घेता येतं, घेतल्यावर पहिल्या १२ महिन्यांत कमीत कमी ६ टेस्ट न सांगता, आणि तज्ज्ञाला वाटलं तर हे ५ वर्षांपर्यंत. परत घ्यायचंच अशी कंपनीवर सक्ती नाही. २०२० पासून ह्याची सगळी नोंद एका सरकारी ठिकाणी असते म्हणजे एका मालकाकडे सापडलेला दुसऱ्याकडे जाऊन गुपचूप बसत नाही.

आता तुमच्या मेव्हण्याचं मत, "विषयच बंद". हे एका फार मोठ्या कंपनीने करून बघितलंय. १९८९ च्या मार्चमध्ये अलास्काला एक्सॉन कंपनीचं एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलाचं जहाज खडकावर चढलं, एक कोटी गॅलनच्या वर तेल समुद्रात. कॅप्टनने चार वर्षांपूर्वी दारूवर उपचार घेतलेले होते हे बाहेर आलं आणि सगळं त्याच्यावर शेकलं. पुढे ज्युरीने नशेत जहाज चालवल्याच्या आरोपातून त्याला सोडलं, आणि आपटलं तेव्हा तो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, नव्हता, हाताखालचा अधिकारी चालवत होता. पण कंपनीने नियमच करून टाकला की ज्याने कधीही व्यसनावर उपचार घेतलेत त्याला काही धोक्याच्या जागांवर कायमचं बसवायचं नाही. सरकारी यंत्रणा कोर्टात गेली. २००० साली अपील कोर्ट म्हणालं की सगळ्यांना सरसकट लागू असलेला नियम असेल तर धंद्याची खरी गरज दाखवून कंपनी त्याचा बचाव करू शकते, प्रत्येक माणूस वेगळा धोकादायक आहे हे सिद्ध करत बसायची गरज नाही. म्हणजे तुमचा मेव्हणा कायद्याने अगदीच वेडा ठरत नाही.

पण तो नियम नीट वाचा. तो पिणाऱ्याला बंदी करत नाही. उपचार घेणाऱ्याला करतो. मी त्या कंपनीत कामाला असतो आणि रोज पीत असतो तर मी मरेपर्यंत दवाखान्याची पायरी चढलो नसतो.

उलट बाजू पण सांगतो. लाईल प्राउज नावाचा अमेरिकन पायलट, १९९० मध्ये प्रवाशांनी भरलेलं विमान प्यालेल्या अवस्थेत उडवलं म्हणून पकडला, तुरुंगात गेला, लायसनं गेली. उपचार घेतले, सगळी लायसनं पुन्हा पहिल्यापासून काढली, त्याच कंपनीने परत घेतला आणि १९९८ मध्ये ७४७ चा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. पायलट लोकांसाठी तिथे १९७० च्या दशकापासून एक कार्यक्रमच चालतो, हिम्स नावाचा, त्यात डॉक्टर, कंपनी आणि दारू सोडलेले सहकारी पायलट असे तिघं मिळून त्या माणसावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात.

खिडकीचीसीट

लॉगबुक, गोष्ट छान आहे. पण त्या पायलटच्या मागे डॉक्टर, सहकारी, कंपनी आणि सरकार एवढे उभे होते. नऊगाड्यांच्या मागे कोण आहे? मेव्हणा.

लॉगबुक

😄 ताई हे मान्य. म्हणूनच छोट्या मालकाने निदान तीन गोष्टी तरी कराव्यात.

मशीन घ्यायचं तर फ्युएल सेल सेन्सरवालं, खेळण्यातलं स्वस्त सेमीकंडक्टरवालं नको, ते परफ्यूमलाही ओरडतं. कॅलिब्रेशन कंपनी सांगेल तेवढ्या महिन्यांनी करायचंच, नाहीतर तो नुसता शिट्टीसारखा फुंकायचा डबा. कुणाचा आकडा आला तर १५ मिनिटं काही न खाता बसवून पुन्हा घ्यायचा कारण माउथवॉशचाही येतो. आणि सगळ्यांनी फुंकायचं. एकट्याला फुंकायला लावलंत तर तो आठवड्यात सोडून जाईल, मी असतो तर मीही गेलो असतो.

फुंकल्याशिवाय गाडीच चालू होत नाही असं लॉकही मिळतं. फ्रान्समध्ये २०१५ पासून प्रवासी बसना ते सक्तीचं आहे, दारू सोडलेला ड्रायव्हर असो की आयुष्यात न शिवलेला. ते बसवलेलं असेपर्यंत उत्तम काम करतं, काढलं की माणूस बराचसा पूर्वीसारखा होतो हेही खरं, सवय मशीन लावत नाही.

तिसरं दारूचं नाहीच. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड ह्यांनी दाखवलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं काम रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्यासारखं होतं, २४ तासांनी १०० च्या आसपास. तुमचे जुने "न पिणारे" सलग किती तास चालवतात ते वहीत बघा एकदा.

फटकळ

वही असेल तर.

स्टेथोस्कोप

मशीनबद्दल एक भर. श्वासात फक्त काही तासांपूर्वीचं कळतं. लघवीतली ईटीजी टेस्ट साधारण तीन दिवसांपर्यंतचं सांगते. रक्तातली पेथ टेस्ट दोन ते चार आठवड्यांचं. ताईंनी लिहिलं ना की घरच्यांना कळायला दोन महिने जायचे, ती फट पेथने बुजते. सगळीकडे होत नाही, लॅबला आधी विचारावं लागतं. पण त्याच्या संमतीने आणि त्याच्या डॉक्टरमार्फत, तुम्ही मालक म्हणून परस्पर नाही.

आजचादिवस

माझी पहिली दोन वर्षं अशी टेस्ट व्हायची, दर दीड-दोन महिन्यांनी, कधी ते सांगायचे नाहीत. खरं सांगू, मला अपमान वाटला नाही, आधार वाटला. मित्राने ग्लास पुढे केला की सांगायला सोपं जातं, "नको रे, सोमवारी रक्त घेतील". "मी सुधारलोय" म्हटलं की लोक हसतात, "रक्त घेतील" म्हटलं की गप्प होतात.

ताई, माणसांच्या गाडीबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. मी अजूनही माणसांची गाडी घेत नाही, ९ वर्षं झाली तरी. नियम नाही, माझं आपलं.

खिडकीचीसीट

हे वाचून काय लिहावं कळेना. माझं मत बदललं नाही, पण तुमच्या मालाच्या गाडीच्या शेजारून माझी गाडी गेली तर मी झोपून राहीन.

(तशी मालाची गाडीही माणसांवरच आदळते, हे मला माहीत आहे. त्यावर उत्तर नाही माझ्याकडे.)

नऊगाड्या

उशीर झाला, बारा दिवसांनी लिहितोय.

त्याला परत बोलवलं. आजचादिवस दादांचे दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्यावर म्हणाला, "तुमच्याकडे ट्रायल देऊन गेलो त्याच संध्याकाळी. वाटलं सगळं सांगून बसलो, आता कोण ठेवतंय. मीटिंगला जाऊन बसलो, मग दुसऱ्या मीटिंगलाही बसलो." दुसऱ्यावर खिशातून डायरी काढून नंबर दाखवला, त्याची संमती घेऊन मी त्या माणसाशी बोललो पण. ते म्हणाले रोज संध्याकाळी सातला मीटिंग असते, ती बुडेल अशी ड्युटी देणार असाल तर आत्ताच नाही म्हणा.

घेतलाय. मालाची गाडी, दिवसाच्या फेऱ्या, सहाच्या आत गाडी उभी. मुक्काम नाही, स्टाफची गाडी नाही, निदान ३ वर्षं पूर्ण होईपर्यंत तरी नाही. कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या, घसरला आणि स्वतःहून सांगितलं तर गाडी बंद पण काम बंद नाही, गोदामात येईल, लपवलं आणि मशीनने सांगितलं तर संपलं. मेडिकल झालं, पायांचं पण, ठीक आहे. गोळी कुठलीच चालू नाही. पेथवाली लॅब डॉक्टर शोधतायत.

मशीन आलं, फ्युएल सेलवालं. सगळ्यांना आदल्या दिवशी सांगितलं की उद्यापासून सगळे फुंकणार, मी आणि मेव्हणा सुद्धा. पहिल्या सकाळी दोघांचे फोन आले, एकाचं पोट बिघडलं होतं आणि एकाच्या घरी पाहुणे. कुठले दोघं ते तुम्हाला कळलंच असेल. डॉक्टर तुमचं वाचलेलं होतं म्हणून ओरडलो नाही, त्यांना संध्याकाळी एकेकटं बसवून बोललो. एक जण आज दवाखान्यात जाऊन आला. दुसरा बोलत नाही, गाडी काढून घेतलीय सध्या, त्याची ड्युटी मेव्हणा करतोय आणि मला शिव्या घालतोय.

ताई, ह्या दोघांतला एक तीन वर्षं स्टाफच्या गाडीवर होता. एवढंच सांगतो.

एक राहिलंच. बाकीचे विचारतायत की नवीन आलाय तो रात्रीच्या खेपा का करत नाही, त्याला वेगळा न्याय का. काय सांगू त्यांना?

फटकळ

डोळ्यांचा त्रास आहे म्हणून सांगा.

आजचादिवस

नको नको, खोटं अजिबात नको. आत्ता कुठे खरं बोलून नोकरी मिळालीय त्याला, तुम्ही पहिल्या आठवड्यात त्याच्या नावाने खोटं सुरू करू नका. त्यालाच विचारा काय सांगायचं. माझ्या वेळी मालकाने विचारलं होतं, मी म्हटलं मीच सांगतो, आणि गाड्या धुताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं. एक जण हसला. तोच चार महिन्यांनी रात्री साडेअकराला माझ्या दारात उभा होता.

नऊगाड्या

बरं. उद्या सकाळी विचारतो, फुंकून झाल्यावर.